वीस डॉलरच्या दंडाची लोकशाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक वाक्य ठरलेलं आहे. मी इथला म्हणजे मेलबर्नचा कसलाही फोटो टाकला, स्वच्छ ट्रेन, रांगेत उभी माणसं, काहीही, की पुण्याचा दादा लिहिणार, "तिकडची माणसंच शिस्तीची गं, आपल्या रक्तातच नाही ते." मे २०२५ च्या इलेक्शनचा फोटो टाकला तेव्हाही तेच. त्यावर मावशीचे चार नमस्कार, काकांचं "१०० टक्के सहमत", विषय संपला. मला ते "रक्तात" प्रकरण फार खटकतं, कारण इथे राहून जे दिसलं ते जवळजवळ उलटं आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं टाइप करणं होत नाही म्हणून इथे लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे ऑस्ट्रेलियात मत देणं कायद्याने सक्तीचं आहे. नाही दिलं तर घरी पत्र येतं, कारण विचारतात, कारण पटलं नाही तर फेडरल म्हणजे देशपातळीवरच्या इलेक्शनला वीस डॉलर दंड. वीस डॉलर म्हणजे इथे दोन माणसांचं साधं जेवणसुद्धा होत नाही. पण तेवढ्यावर दर वेळी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक मत देतात, २०२५ लाही दिलं.

आता "शिस्तीची माणसं" वाल्यांसाठी. ही सक्ती नव्हती तेव्हा काय होतं? १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्केसुद्धा लोक आले नव्हते. मग १९२४ मध्ये टास्मानियाचे हर्बर्ट पेन नावाचे एक सिनेटर होते त्यांनी खाजगी विधेयक आणलं, फारशी चर्चासुद्धा न होता ते पास झालं, आणि १९२५ च्या इलेक्शनला एकदम ९१ टक्के. देश तोच, माणसं तीच, तीन वर्षांत रक्त काही बदलत नाही ना! आणि रक्ताचंच म्हणायचं तर २०२४ च्या लोकसभेला आमच्या कोल्हापूरने ७१ टक्के मतदान केलं, राज्यात अगदी वरच्या नंबरांत, आणि दादाच्या पुण्यात ५४ च्या आसपास. एकाच राज्यातले आपण. (हे ग्रुपवर लिहिलं होतं, दादाने दोन दिवस रिप्लाय दिला नाही.)

सक्ती म्हटलं की मला शाहू महाराजच आठवतात, कोल्हापूरचं असल्याचा परिणाम म्हणा. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. पण लोक फक्त दंडाची गोष्ट सांगतात, त्याच्या आधीचं सांगत नाहीत, की १९०१ पासून महाराज वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढत होते. म्हणजे आधी पोराची राहायची सोय, मग शाळेची सक्ती. इथल्या मतदानाचंही मला नेमकं तसंच दिसतं, लोक वीस डॉलरबद्दल बोलतात पण खरी गंमत सोयीत आहे.

कशी ते सांगते. इलेक्शन नेहमी शनिवारी. बहुतेक बूथ सरकारी प्रायमरी शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये. शनिवारी ड्युटी असेल तर आधीचे काही दिवस प्री-पोल सेंटर उघडी असतात, तिथे जाऊन या, किंवा पोस्टाने पाठवा. आपल्याच बूथवर जायची गरज नाही, राज्यातल्या कुठल्याही बूथवर मत देता येतं, दुसऱ्या राज्यात फिरायला गेलात तर तिथेही त्यासाठी केंद्रं असतात. हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांत काही ठिकाणी त्यांची टीमच पेट्या घेऊन जाते. आणि आयडी दाखवायला लागत नाही! मी पहिल्यांदा पासपोर्ट, लायसन्स, लाइट बिल सगळं फाइलला लावून घेऊन गेले होते, टेबलावरच्या आजींनी नाव विचारलं, पत्ता विचारला, "या निवडणुकीत आधी कुठे मत दिलंय का?" विचारलं, नाव खोडलं आणि दोन कागद हातात दिले. शाई नाही, मशीन नाही. पुठ्ठ्याच्या आडोशाला एक पेन्सिल ठेवलेली. पेन्सिल! मी शेजारच्या पुठ्ठ्यात डोकावून बघणार होते की इथेच पेन संपलंय की काय.

बाहेर पालक मंडळी शेगडी लावून सॉसेज भाजत असतात, ब्रेडमध्ये गुंडाळून कांदा घालून विकतात, पैसे शाळेच्या फंडाला. याला डेमोक्रसी सॉसेज म्हणतात आणि हा शब्द २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय शब्दकोश केंद्राने वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता, इतकं ते डोक्यावर घेतलेलं प्रकरण आहे. आमच्यासारख्या शाकाहारी लोकांना नुसता कांदा-ब्रेड. कुठल्याशा बूथवर समोसे पण होते म्हणे, आमच्याकडे नव्हते. शेगडीपाशी लेबर आणि लिबरल या दोन मोठ्या पक्षांपैकी लेबरचा टीशर्ट घातलेला आणि लिबरलचा टीशर्ट घातलेली एकाच रांगेत उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारत असतात. दर तीन वर्षांनी शाळेच्या आवारात अख्खा एरिया येतो, शाळेचं छत गळतंय की नाही तेही बघून जातो.

मतपत्रिका मात्र डोकं खाते. खालच्या सभागृहाची हिरवी, त्यावर एका नावापुढे शिक्का मारून भागत नाही, सगळ्या उमेदवारांना पसंतीने १, २, ३, ४ असे नंबर द्यावे लागतात, एकापेक्षा जास्त चौकोन रिकामे सोडले तर मत बाद होतं. सिनेटची म्हणजे वरच्या सभागृहाची पांढरी, ती दोन्ही हात पसरून धरावी इतकी लांब, टेबलक्लॉथच म्हणतात तिला. मोजणी अशी की कुणालाच पन्नास टक्के नसले तर सगळ्यात कमी मतांच्या उमेदवाराला बाद करायचं आणि त्याची मतं त्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीला द्यायची, मग पुढचा बाद, असं कुणीतरी अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत. म्हणजे तीस-पस्तीस टक्क्यांची आपली व्होटबँक बांधली आणि बाकीच्यांची मतं फोडली की आलो निवडून, हे इथे सहज जमत नाही. तुम्हाला विरोधकाच्या मतदाराची निदान दुसरी-तिसरी पसंती लागते. ज्याच्या माणसांची दुसरी पसंती हवी त्याला शिव्या घालून चालत नाही, निदान फार घालून चालत नाही. इथलं राजकारण मला थोडं मिळमिळीत वाटायचं, आता कारण कळतंय. सगळ्यांनाच मत द्यायचंय म्हटल्यावर आपल्या कट्टर लोकांना पेटवून बाहेर काढण्यात फार फायदा नाही, मधल्या कंटाळलेल्या माणसाला पटवावं लागतं.

मग हे सगळं शाळेत शिकवतात म्हणून होतं का? मलाही तसंच वाटायचं. मुलाच्या शाळेत सहावीतली मुलं कॅप्टनच्या निवडणुकीला उभी राहतात, पोस्टर लावतात, अख्ख्या असेंब्लीसमोर भाषण ठोकतात. एका मुलीने नळाला गार पाणी आणि लायब्ररीत बीनबॅग असं आश्वासन दिलं, एकाने रोज पिझ्झा म्हटलं तर मागून तिसरीतलं पोर ओरडलं, "पैसे कोण देणार?" निवडणूक आयोगच शाळांना अशा निवडणुका घ्यायचं साहित्य देतो. फार छान वाटतं बघायला. पण नागरिकशास्त्राची जी राष्ट्रीय चाचणी होते तिचा २०२४ चा निकाल बघितला तर दहावीची फक्त २८ टक्के मुलं अपेक्षित पातळीला पोचली, २००४ पासूनची सगळ्यात वाईट कामगिरी. म्हणजे पुस्तकी ज्ञान यथातथाच! आपल्या दहावीच्या पोरांना घटनेचं कलम विचारा, घडाघडा सांगतील. इथली पोरं सांगणार नाहीत, पण आईबापाचं बोट धरून लहानपणापासून बूथवर गेलेली असतात, अठरा झाले की आपोआप जातात.

मूल्यांचीही परीक्षा आहे, ती आमच्यासारख्या बाहेरून येऊन नागरिक होणाऱ्यांना. सिटिझनशिप टेस्टमध्ये वीस प्रश्न, पास व्हायला ७५ टक्के, आणि २०२० च्या शेवटापासून त्यात पाच प्रश्न ऑस्ट्रेलियन मूल्यांचे, ते पाचही बरोबर यायलाच पाहिजेत. बायकोला मारणं चालतं का, बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय, असले. उत्तर इतकं उघड असतं की घरी बायकोला बोलू न देणारा माणूसही पैकीच्या पैकी आणतो. मी ओळखते असे.

आणि मूल्यांच्या गप्पा मारणाऱ्या या देशाचा इतिहास पण सांगायला हवा नाहीतर दादाला वाटेल मी भाळलेय. १९०२ मध्ये इथे बायकांना देशपातळीवर मताचा आणि उभं राहण्याचा हक्क मिळाला, जगाच्या कितीतरी आधी, आणि त्याच कायद्याने बहुतेक आदिवासींना आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांना बाहेर ठेवलं. त्यात आपण पण आलो. इथे राहणाऱ्या ब्रिटिश इंडियातल्या लोकांना मत मिळालं ते १९२५ मध्ये. ज्यांची मुळात ही जमीन त्या आदिवासींना सगळीकडे फेडरल मताचा हक्क मिळायला १९६२ उजाडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये संसदेला सल्ला देणारं त्यांचं एक मंडळ घटनेत घालावं का यावर सार्वमत झालं, साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं, एकही राज्य हो म्हणालं नाही. नव्वद टक्के माणसं मत देतात म्हणून निकाल उदार लागेल असं कुठे आहे?

तरी सक्तीचा एक फायदा मला पटलाय, तो तरुण मुलांचा. १९७४ पासून इथे युनिव्हर्सिटी फुकट होती, १९८९ ला हेक्स आलं, म्हणजे आत्ता शिका, नोकरी लागून पगार एका आकड्याच्या वर गेला की मग पगारातून कापून घेऊ. व्याज नाही पण तेव्हा महागाईप्रमाणे कर्ज वाढायचं, आणि २०२३ मध्ये ते एका झटक्यात ७.१ टक्क्यांनी वाढलं. पोरं वैतागली. आता जिथे पंचविशीतली पोरं मत द्यायला येतच नाहीत तिथे पुढारी म्हणेल वैतागू दे. इथे ती येणारच. २०२५ ला लेबरने सगळ्यांचं हे कर्ज २० टक्क्यांनी कमी करू म्हटलं, जिंकल्यावर जुलैतच कायदा केला, तीसेक लाख लोकांचं ओझं हलकं झालं. पंतप्रधान अल्बनीज स्वतः सरकारी घरात, अपंगत्वाच्या पेन्शनवर जगणाऱ्या एकट्या आईपाशी वाढलेले आणि फीमाफीच्या काळात सिडनी युनिव्हर्सिटीत शिकलेले.

पण शाळांच्या बाबतीत हीच लोकशाही तोंडावर पडलीय असं माझं मत. तीनातलं एखादं मूल खाजगी किंवा कॅथलिक शाळेत आणि त्या शाळांनाही सरकारी पैसा, खूप पैसा. तो काढून घेऊ म्हणायची कुठल्याच पक्षाची हिंमत नाही कारण त्या आईबापांचीही मतं आहेतच ना. आणि आपली मराठी मंडळी? चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर हवं म्हणून मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात दुप्पट कर्ज काढतील, परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सिलेक्टिव्ह सरकारी शाळेसाठी चौथीपासून क्लास लावतील, आणि गणपतीत भेटल्यावर "इथे कसं, मुलांवर प्रेशर नाही" म्हणतील.

२०२५ च्या निकालाच्या रात्री आम्ही टीव्हीपुढेच होतो. कागदी मतं त्याच शाळेत, पक्षांच्या माणसांसमोर हाताने मोजतात आणि तीन-चार तासांत चित्र कळतं. तेव्हाचे विरोधी पक्षनेते, लिबरलचे पीटर डटन स्वतःच्या मतदारसंघात पडले. ते आले, जबाबदारी माझी म्हणाले, आणि अल्बनीजच्या आईला आज मुलाचा अभिमान वाटला असता असंही म्हणाले. थोड्या वेळाने अल्बनीजच्या सभेत डटनचं नाव निघालं तर लोकांनी हुर्यो केली, त्यांनी लोकांनाच गप्प केलं. दुसऱ्या दिवसापासून परत भांडण सुरू हे खरं, पण ती दहा मिनिटं मुलाने बघितली.

दादाचं यावर म्हणणं, मग आपल्याकडेही दंड लावा. गुजरातने लावून बघितला की. स्थानिक निवडणुकांना मतदान सक्तीचं केलं, शंभर रुपये दंडाचे नियमही आणले आणि २०१५ ला हायकोर्टाने स्थगिती दिली. माझा दंडाला तत्त्वतः विरोध नाही पण क्रम बघा. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, साखर कारखाने सुरू होण्याच्या तोंडावर, बीडकडच्या ऊसतोड जोड्या गावं सोडून निघायच्या वेळी. त्यांचं नाव गावच्या यादीत, बिऱ्हाड आमच्या कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये अशा स्थलांतरितांसाठी रिमोट व्होटिंग मशीन पक्षांना दाखवायला ठेवलं होतं, विरोधी पक्षांनी शंका काढल्या, पुढे काही हललं नाही. मशीन नको तर नको, पोस्टाची मतपत्रिका तर आपले सैनिक कधीपासून वापरतात. तोपर्यंत मत द्यायला कोयता ठेवून गावाला जायचं तर जाऊन येऊन एसटीचं भाडं, आणि एक दिवस खाडा केला की मुकादम उचलीत पैसे कापणार. म्हणजे या लोकांना दंड आजही आहे, फक्त तो मत द्यायला गेल्याबद्दल आहे.