फितीवर टेकलेला चेंडू : १८७२ च्या डायोरामाची प्रगती

मंडळी, आठ महिन्यांनी चेंडू जागेवर बसला. आधी चेंडूचं सांगते, कारण या सगळ्या खटाटोपाचं मूळ तिथेच आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: मी १:७२ मापात (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड या ३० नोव्हेंबर १८७२ च्या सामन्याचा डायोरामा, म्हणजे पुतळ्यांचा छोटा देखावा, करते आहे. फुटबॉलमधला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना. जागा ग्लासगोजवळच्या पार्टिकमधलं हॅमिल्टन क्रेसेंट, म्हणजे मुळात वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्लबचं क्रिकेटचं मैदान. निकाल ०-०. त्याआधी १८७० ते १८७२ मध्ये लंडनच्या ओव्हलवर याच नावांनी पाच सामने झाले होते, पण त्यातला ‘स्कॉटलंड’ संघ बहुतांशी लंडन परिसरात राहणाऱ्यांमधून जमवलेला, म्हणून ते धरत नाहीत. पार्टिकला मात्र स्कॉटलंडचे अकराही जण ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबमधून निवडलेले होते.

गोलच झाला नाही, मग डायोरामात दाखवायचं काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. फोटोचाही आधार नाही. विल्यम राल्स्टनने ‘द ग्राफिक’ साप्ताहिकासाठी काढलेली रेखाचित्रं आहेत, आणि बाकी वर्तमानपत्रांतली वर्णनं. ती वाचताना एक क्षण माझ्या डोक्यातून जाईना. सामना संपत आलेला असताना स्कॉटलंडच्या रॉबर्ट लेकीने मारलेला चेंडू गोलच्या वरच्या फितीवर जाऊन पडला. त्या काळी आडवी दांडी सक्तीची नव्हती, दोन खांबांमध्ये फीत ताणलेली असायची. दांडी सक्तीची झाली १८८२ मध्ये, जाळी त्याच्याही नंतर. एका कापडी पट्टीने निकाल ठरवला! मला हाच क्षण हवा होता.

आता माप. खांबांमधलं अंतर ८ यार्ड, म्हणजे आपल्याकडे १०.२ सेंटिमीटर. फितीची उंची ८ फूट, म्हणजे ३.४ सेंटिमीटर. माणूस साधारण २४ मिलिमीटरचा. चेंडूचा घेर २७ ते २८ इंच, त्यामुळे व्यास जेमतेम ३ मिलिमीटर. काचेचे मणी आणले, ते फार गुळगुळीत. पुट्टीचे गोळे वळून पाहिले, एकही धड गोल होईना. एका दुपारी सासूबाई धणे निवडत बसल्या होत्या. ताटात नजर गेली आणि तिथेच थांबले. धण्याच्या दाण्यावर उभ्या शिरा असतात, अगदी कातड्याच्या फाकी शिवल्यासारख्या, आणि रंगही आयताच तपकिरी! लहानात लहान दाणे शोधायला त्याही माझ्याबरोबर बसल्या. सात मिळाले. एकाला पातळ वार्निश लावून वर चिखलाच्या रंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार हात, दिला, तोच आता फितीवर आहे.

फितीने मात्र तीन आठवडे घेतले. साधा दोरा गोल दिसतो, फितीसारखा चपटा नाही. शेवटी जुन्या मलमलीची दोन धागे रुंदीची पट्टी फाडली, फेविकॉलच्या पाण्यात बुडवली आणि केसाइतकी बारीक तांब्याची तार मागून चिकटवली. तार असल्यामुळे मधोमध हलकासा झोल देता आला. सामन्याआधी तीन दिवस पाऊस होता, मग फीत ओली आणि सैल असणार, हा माझा तर्क. चेंडू टेकतो तिथे झोल किंचित वाढवलाय. पट्टी ताठ ठेवली असती तर ती दांडीच वाटली असती.

पावसाचा दुसरा भाग म्हणजे जमीन. मैदान चांगलंच जड झालं होतं, म्हणून चिखल हवाच होता. चहाचा चोथा वाळवून फेविकॉलमध्ये कालवून पसरला. रंग आणि पोत सुरेख आला. पण काम जुलैमधलं, पुण्यातला पाऊस, आणि चोथा आतून पुरता वाळलेला नव्हता. बाराव्या दिवशी गोलच्या डाव्या खांबापाशी पांढरी बुरशी आली. सगळं खरवडून काढावं लागलं. आता बागेतली माती मैद्याच्या चाळणीने चाळून, तव्यावर कोरडी भाजून वापरली आहे. चोथा वापरणार असाल तर निदान उन्हाळ्यात तरी वापरा. गवताचा हिरवा रंग मी मातकट ठेवलाय. नोव्हेंबरअखेरचं स्कॉटलंड आहे. मैदानावर चुन्याची एकही रेष नाही, कारण तेव्हा पेनल्टी क्षेत्र किंवा मध्यवर्तुळ नव्हतंच.

पुतळे तेरा: स्कॉटलंडचे सहा, इंग्लंडचे सात. प्लास्टिकच्या सैनिकांची बंदुका-पट्टे कापून, वर एम-सीलने जर्सी चढवली. स्कॉटलंड गडद निळा, इंग्लंड पांढरा. स्कॉटिश खेळाडूंच्या डोक्यावर लाल काउल, म्हणजे आपल्या कानटोपीची लांबची बहीण, आणि इंग्लंडच्या डोक्यावर कॅप. पांढऱ्या जर्सीला थेट पांढरा रंग देऊ नका. मी आधी फिकट राखाडी दिला आणि उंचवट्यांवरच पांढरा ड्रायब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला, तेव्हा घड्या दिसल्या.

इंग्लंडचे खेळाडू सरासरीने सुमारे १२-१३ किलोंनी जड होते, असं त्या वेळच्या वार्तांकनात आहे. म्हणून त्यांच्या खांद्यांवर आणि मांड्यांवर पुट्टीचा जास्तीचा थर दिला. दोन्ही संघ शेजारी उभे केले की फरक लगेच कळतो, आणि क्वीन्स पार्कच्या पोरांनी त्या दिवशी काय पेललं तेही कळतं.

मांडणी मात्र मला नव्याने शिकावी लागली. स्कॉटलंड दोन बॅक, दोन हाफबॅक आणि सहा फॉरवर्ड घेऊन खेळला. इंग्लंडकडे एक बॅक, एक हाफबॅक आणि तब्बल आठ फॉरवर्ड! वाचताना हा नुसता वेडेपणा वाटतो. पण तेव्हाच्या ऑफसाइडच्या नियमानुसार पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण लागत, नाहीतर त्याला चेंडू खेळता येत नसे. गोलकीपर, एक बॅक, एक हाफबॅक झाले तीन. यांतला एक जरी पुढे सरकला तरी समोरचा फॉरवर्ड अडकला. मागे इतकी कमी माणसं असूनही इंग्लंडची बाजू उघडी का पडत नव्हती, हे मला पुस्तकातून नाही, फळीवर पिना टोचताना उमगलं. स्कॉटलंडच्या जेरी वीअरला मी इंग्लंडच्या गोलपासून चार सेंटिमीटरवर, मोठ्या हौसेने, हात उंचावून उभा केला होता. त्याच्यापुढे इंग्लंडचे दोनच जण होते. म्हणजे चक्क ऑफसाइड. त्याला मागे लेकीच्या रेषेत आणलं, मग त्याचे साथी वॉदरस्पून आणि मॅकिननही सरकवले. जुनी भोकं मातीने बुजवली आहेत.

आणखी एक दुरुस्ती. प्रत्येक पुतळ्याच्या बुडाशी मी नावाची चिठ्ठी लावते. इंग्लंडच्या गोलमध्ये उभा असलेल्याच्या खाली ‘रॉबर्ट बार्कर’ लिहून मोकळी झाले होते. पण बार्करने सामना चालू असतानाच विल्यम मेनार्डबरोबर जागा बदलली आणि स्वतः पुढे खेळायला गेला. स्कॉटलंडच्या बाजूलाही तेच: कर्णधार रॉबर्ट गार्डनर गोलमधून बाहेर आला आणि रॉबर्ट स्मिथ आत गेला. गोलकीपरची जर्सी तेव्हा वेगळ्या रंगाची नसे, त्यामुळे रंगकाम वाचलं. शेवटच्या मिनिटांत मेनार्डच गोलमध्ये होता असं धरून चिठ्ठ्या बदलल्या. गार्डनर आता लेकीच्या उजवीकडून धावतोय. बार्कर मधल्या भागातून हाशहुश करत परत येतोय. इंग्लंडचा कर्णधार कथबर्ट ऑटवे त्याच्या दोन पावलं पुढे.

चार्ल्स अल्कॉकचा पुतळा करायची फार इच्छा आहे. स्कॉटलंडच्या खेळाडूंना लढतीचं जाहीर आव्हान देणारा हाच माणूस. पण दुखापतीमुळे त्याला स्वतःला खेळता आलं नाही आणि तो अंपायर म्हणून उभा राहिला. आपण घडवून आणलेल्या सामन्यात त्याला बाहेरून बघावं लागलं. तो दिसेल तर फळीच्या अगदी कडेला दिसेल, चेंडूकडे मान वळवून. सध्या मानेची तार तीनदा तुटली आहे.

राहिलेलं काम: दोरीपलीकडचे प्रेक्षक. सुमारे ४००० लोक आले होते. माझ्या फळीच्या कडेला चाळीसएक मावतील. त्यांत बायका हव्यातच, कारण पुरुषांना एक शिलिंग तिकीट होतं आणि बायकांना प्रवेश मोफत होता. १:७२ मध्ये १८७० च्या दशकातले घोळदार झगे कुणी केले असतील तर कापडाच्या चुण्या कशा पाडल्या ते कळवा. मी टिश्यू पेपर आणि फेविकॉलने दोन करून पाहिले, पण रंगाआधीचा प्रायमर लावताच चुण्या दबून सपाट होतात. उरलेले सहा धणे डबीत जपून ठेवले आहेत, कुणाला हवे असतील तर पाठवते.