बत्तीस, पण कुठून मोजलेले?

टायरात हवा भरताना ‘बत्तीस टाका’ एवढं म्हटलं की भागतं. ते पीएसआय असतात, म्हणजे दर चौरस इंचावर ३२ पौंडांचा भार. तोच दाब बारमध्ये २.२ आणि किलोपास्कलमध्ये २२०. हवेच्या यंत्रावर ‘२.२’ दिसलं की टायर बसलाय असं वाटून उगाच धस्स होतं, पण टायर ठणठणीत असतो.

पास्कल हे अधिकृत एकक, नाव मिळालं १९७१ मध्ये. पण ते भलतंच चिमुकलं आहे. ८० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, एक कागद टेबलावर नुसता पडून असतो, तेव्हा टेबलावर जेमतेम ०.८ पास्कल दाब देतो. म्हणून व्यवहारात किलो, मेगा, हेक्टो असले उपसर्ग लावावेच लागतात. हवामानखात्यांनी मिलिबारच्या जागी हेक्टोपास्कल घेतलं, तेव्हा आकडा तोच राहिला, फक्त पाटी बदलली: समुद्रसपाटीला सरासरी १०१३. कॉम्प्रेसरवर काम करणारे तर नुसतं ‘सात किलो’ म्हणतात. त्यांचा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो, सुमारे १४.२ पीएसआय.

एककं बदलून घेणं सोपं. गोची शून्यात आहे. पार बसलेल्या टायरला गेज लावलं तर काटा शून्यावर. आत हवा नाही का? आहे की, बाहेर आहे तेवढ्याच दाबाची, १४.७ पीएसआय. गेज फक्त बाहेरच्यापेक्षा जास्त किती तेवढंच सांगतं. त्यामुळे ३२ च्या टायरात खरा दाब ४६.७. हा भेद पुस्तकी वाटतो, पण तापमान आलं की तो आकड्यात उतरतो. २० अंशांवर भरलेला टायर ३० अंशांवर गेला की दाब सुमारे ३.४ टक्के वाढतो, आणि हे टक्के ४६.७ वर काढायचे, ३२ वर नाही. वाढ होते दीड पीएसआयच्या थोडी वर. गाडी पळवून आल्यावर टायर याहून जास्त तापतो. तेव्हा आकडा चढलेला दिसला म्हणून हवा सोडली, तर सकाळी थंड टायर कमी भरतो. मोजायचं ते गाडी चालवण्याआधी. नोझल व्हॉल्व्हवर सरळ दाबायचं. फुस्स आवाज येतोय तोवर दिसणारा आकडा खोटा.

कुकरची शिट्टीही बाहेरच्या दाबावरच बसलेली असते. वाफेचं भोक तीन मिलिमीटर व्यासाचं असेल, तर एक किलो दाब धरायला सुमारे ७० ग्रॅमचं वजन पुरतं. तोच कुकर उंच डोंगरावर नेला की वजन तेच, पण बाहेरची हवा विरळ. आतला एकूण दाब कमी पडतो, पाणी थोड्या कमी तापमानाला उकळतं आणि शिजायला वेळ लागतो.

रक्तदाबाचे १२०/८० हे मिलिमीटर पाऱ्याचे, आणि तेही वातावरणाच्या वरचे. दवाखान्यांतून पाऱ्याची उपकरणं जात चालली, एकक काही हटत नाही. किलोपास्कलमध्ये १६/१०.७ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही बोध होणार नाही, आणि माझ्या मते हट्टाने बदलण्यात हशील नाही. इथे जास्त चुका एककाच्या नसून हाताच्या असतात. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचे सात-आठ मिलिमीटर फुकट वाढतात. पट्टा दंडाला अपुरा असेल तरीही आकडा फुगतो.

पाण्याचं गणित सर्वांत सरळ: दहा मीटर उंची म्हणजे जवळपास एक बार. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर मिळणार ०.३ बार. जाड पाइपने वाटेतली गळचेपी कमी होईल, पण ०.३ चे ०.५ होणार नाहीत. त्यासाठी टाकी उचला किंवा पंप बसवा.

गेज विकत घेताना एक बघा. साध्या काट्याचं गेज तबकडीच्या मधल्या भागात जास्त भरवशाचं असतं. ३२ मोजायला ० ते ६० चं घ्या; ० ते २०० चं घेतलं तर दोन-तीन पीएसआयचा फरक काट्याच्या जाडीतच हरवतो.