मॉडेल टीचे टायर मागवताना फॉर्मने काढलेला घाम (माझा अनुभव)

आम्ही विंडसरला राहतो, कॅनडात, नदीच्या पलीकडे डेट्रॉइट, जिथे फोर्ड कंपनी सुरू झाली, त्यामुळे इथे जुन्या फोर्डचं वेड लागायला वेळ लागत नाही. माझी 1925 ची टूरिंग (उघडी, घडीच्या छपराची), कॅनडात बनलेली फोर्ड मॉडेल टी. गाडी घेणं, नावावर करणं, इंजिन चालू करणं यात सांगण्यासारखं काही नाही, झालं सगळं. अडकलो ते टायरवर, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

ज्यांच्याकडे टायर मिळतात त्यांचा ऑनलाइन फॉर्म. पहिला प्रश्न वर्ष कोणतं. 1925 टाकलं की साइज आपोआप 30×3½ येते आणि ती बदलताच येत नाही. माझ्या चाकांवर जुने फाटके टायर होते त्यातल्या एकावर स्पष्ट 4.40-21 लिहिलेलं, दुसऱ्यावर 29×4.40. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो, 1925 ना, मग 30×3½ च. म्हटलं रिम 21 इंची आहे. तर म्हणे 30 आणि 21 मध्ये नऊ इंचांचा फरक कसा असेल, तुम्ही नीट मोजलं नसेल. आता काय बोलणार!

गोची अशी आहे की जुन्या पद्धतीत पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा. 30 मधून दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन वजा करा, रिम 23 इंची निघते. नव्या पद्धतीत 4.40 ही टायरची रुंदी आणि 21 हा थेट रिमचा व्यास. म्हणजे फरक दोनच इंचांचा, पण टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. आणि 29×4.40 म्हणजे 4.40-21 च, जुन्या पद्धतीने लिहिलेला.

त्यात 1925 हे साल नेमकं बदलाचं. आधीचे क्लिंचर टायर (30×3½ हे त्यातलेच), त्यांची कड रिमच्या वळवलेल्या ओठात अडकायची आणि हवा 55-60 पौंड भरावी लागायची नाहीतर टायर निसटायचा. 1923 मध्ये फायरस्टोनने बलून टायर आणले, जाड आणि कमी हवेचे (4.40-21 हा त्यातलाच), आणि 1925 मध्ये फोर्डने ते जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली, पण जुनी चाकंही त्याच वेळी चालू होती. मग वर्षावरून काय डोंबल कळणार? इंजिन नंबरवरून फार तर इंजिन कधीचं ते कळतं, आणि शंभर वर्षांत चाकं कुणी बदलली असतील तर त्याचाही उपयोग नाही. हे मी त्या माणसाला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि परत विचारलं, गाडी कोणत्या वर्षाची?

शेवटी सुटलं ते असं. जिथे टायरची कड बसते तिथे रिमभोवती टेप गुंडाळली. 66 इंचांच्या आसपास आलं तर रिम 21 ची, 72 च्या पुढे आलं तर 23 ची. टेपसकट फोटो काढून ईमेल केला, तो दुसऱ्याच कुणीतरी उघडला असावा, कारण एका ओळीचं उत्तर आलं की 4.40-21 पाठवतो. बस्स. एवढ्यासाठी इतका तमाशा. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी बायकोला तो ईमेल वाचून दाखवला.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. लाकडी चाकावरून सुटी निघणारी रिम असेल तर ती केल्सीची आहे की हेजची (दोघे चाकं बनवणारे) ते बघा, लग, म्हणजे रिम चाकाला धरून ठेवणारे तुकडे, वेगळे असतात, एकाची रिम दुसऱ्याच्या चाकावर नीट बसत नाही. 21 ची रिम बहुतेक एका जागी मुद्दाम कापलेली असते, ती आकसायला वेगळं टूल लागतं, पहारीने उचकटत बसू नका. ट्यूबबरोबर फ्लॅपही (ट्यूब आणि रिमच्या मध्ये बसणारी रबरी पट्टी) मागवा.

पुण्यामुंबईकडे कुणाकडे मॉडेल टी असेल तर ती बहुधा कॅनडाचीच असणार, ब्रिटिश राजवटीतल्या देशांना फोर्ड इथूनच जायची. अमेरिकन गाडीला बरीच वर्षं पुढे 30×3 आणि मागे 30×3½ असायचे, कॅनडाच्या गाडीला चारी 30×3½. म्हणून अमेरिकन तक्ते बघून ऑर्डर देऊ नका.

हो, स्टिअरिंग! बलून टायरबरोबर फोर्डने स्टिअरिंगचा गिअर 4:1 वरून 5:1 केला, म्हणजे चक्र जास्त फिरवावं लागतं पण हलकं जातं, कारण जाड टायर वळवायला जड जातात. कुणी नंतर नुसती चाकं बदलली असतील तर गिअर जुनाच राहिलेला असू शकतो. माझा 5:1 निघाला, तेवढं तरी नशीब.