बारा तासांचा वर्ग आणि करारातलं एक कलम

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात टर्नर-फिटर मंडळींना युनियनमार्फत आरपीएलचं प्रमाणपत्र मिळवून द्यायचं ठरलं. आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) म्हणजे हाताला येत असलेल्या कामाचीच परीक्षा, नवं शिक्षण नव्हे. वाटलं होतं, वर्ग भरवला की झालं. पण वर्ग सगळ्यात सोपा निघाला.

पहिला प्रश्न पैशाचा. ट्रेड युनियन अ‍ॅक्ट 1926 च्या कलम 15 प्रमाणे युनियनच्या जनरल फंडातून सभासदांच्या शिक्षणावर खर्च करता येत असे. तरी कमिटीच्या ठरावाशिवाय चहाचे पैसेसुद्धा काढू नयेत. ठराव, हजेरी आणि व्हाउचर एकाच फाइलला लावली, त्यामुळे ऑडिटच्या वेळी शोधाशोध झाली नाही.

खरं घोडं अडलं वेळेवर. आमच्या वेळी परीक्षेआधीचं ओरिएंटेशन 12 तासांचं होतं. ते पाळी सुटल्यावर ठेवलं तर माणूस ओव्हरटाइम सोडून येणार, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराचा. म्हणजे 12 तासांत 24 तासांची मजुरी, सरळ तीन दिवसांचा पगार बुडतो. पहिल्या बॅचला निम्मी माणसं तिसऱ्या दिवशी गायब झाली ती आळसाने नव्हे. मग व्यवस्थापनाशी बसून 6 तास पाळीत, भरपगारी, आणि 6 तास आपले, असं लिहून घेतलं. ब्रिटनमध्ये 2002 च्या एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टने युनियनच्या शिक्षण-प्रतिनिधीला भरपगारी वेळेचा हक्क दिला. आपल्याकडे असं कलम नाही, त्यामुळे जे हवं ते करारातच घालावं लागतं.

नोंदणीत अडकतं ते नाव. बडोद्याच्या मराठी घरांत हे फार: शाळेच्या दाखल्यावर वडील 'विठ्ठलराव', आधारवर 'विठ्ठलभाई', आणि पगारपत्रकावर नुसतं 'व्ही.' प्रमाणपत्रावर आधारचं नाव छापून येतं, म्हणून दुरुस्ती नोंदणीच्या आधी करून घ्या. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, हेही तेव्हाच पाहा.

जॉब रोल, म्हणजे कोणत्या कामाची परीक्षा द्यायची ते, निवडताना मोह आवरा. सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) प्रमाणपत्र भारी दिसतं म्हणून साध्या लेथवरच्या माणसाला तिकडे घातलं, तर प्रात्यक्षिकात तो प्रोग्रामच्या स्क्रीनसमोर उभा राहतो.

वर्गात आम्ही जास्तीत जास्त वेळ मापांवर घालवला. आमची माणसं सूत आणि थाऊत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी. 'दोन थाऊ सोड' म्हटलं की हात बरोबर थांबतो, पण ड्रॉइंगवर ±0.05 वाचलं की तोच माणूस गडबडतो. दोन्ही जवळपास एकच माप! व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तेही पाठ करून घेण्यात अर्थ नाही. मेन स्केलचे 49 मिमी, व्हर्नियरवर त्याचे 50 भाग, म्हणजे एक भाग 0.98; 1 वजा 0.98 बरोबर 0.02. फळ्यावर एकदा असं मांडलं की कायमचं बसतं.

लेखी परीक्षा टॅबवर. भाषेचा पर्याय असेसर (परीक्षक) येण्याआधी विचारून ठेवा. आमच्या एका बॅचला टॅब सुरू झाल्यावर कळलं की प्रश्न फक्त इंग्रजीत आहेत. ज्या गावात 1890 साली कलाभवन ही तंत्रशाळा निघाली आणि त्रिभुवनदास गज्जरांनी देशी भाषेतून तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला, तिथे हे व्हावं!

आता पगाराची श्रेणी. प्रमाणपत्रामुळे पगार आपोआप वाढत नाही. करारात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या प्रमाणपत्राला कोणती श्रेणी, ती किती दिवसांत, आणि नापास झालेल्याची सध्याची श्रेणी व नोकरी शाबूत. 'विचार केला जाईल' हे शब्द आम्ही दोनदा खोडले. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 18(1) खालचा करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच असे. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला 12(3) चा करार सगळ्या कामगारांना लागू होई. कारखान्यात दुसरी युनियन असेल तर समेट अधिकाऱ्यासमोरच्या कराराचाच रस्ता धरा. 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, तेव्हा 1926 च्या कायद्याचं कलम काय नि ही कलमं काय, नव्या संहितेत ताडून घ्या.

प्रमाणपत्राची झेरॉक्स कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली'चा शिक्का आणि तारीख घ्या. श्रेणीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.