ओटीपी जुन्या नंबरावर, पैसे जुन्या खात्यावर

जळगावच्या एमआयडीसीत एका चटई कारखान्यात मी पाच वर्षं लूमच्या मेंटेनन्सला होतो. 2024 च्या पावसाळ्यात रात्रपाळी बंद झाली आणि आम्हा अकरा जणांना 'काम निघालं की फोन करतो' म्हणून घरी पाठवलं. तो फोन अजून यायचाय. पुढचे पंधरा दिवस मी धरणगावहून सकाळची पॅसेंजर धरून यायचो आणि गेटोगेट फिरायचो. वॉचमन बायोडाटा घ्यायचे, पुढे त्याचं काय व्हायचं देव जाणे.

आयटीआय झाल्यावर वडिलांनी मागे लागून एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढायला लावलं होतं. ते घेऊन कार्यालयात गेलो. नाव आता लांबलचक, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. पण रिक्षावाल्याला 'एम्प्लॉयमेंट' म्हटलं की कळतं. टेबलावरच्या ताईंनी कार्ड उलटसुलट करून परत दिलं. "दादा, हे आठवण म्हणून ठेवा. आता महास्वयम या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते."

नोंदणी फुकट आहे, आधारच्या ओटीपीवर होते. माझा ओटीपी गेला बंद पडलेल्या जुन्या नंबरावर. आधार केंद्रात 50 रुपये भरून नंबर बदलला आणि आठवडाभर थांबलो. घरी आई म्हणाली, "भाऊ, कागदवर पोट भरस का?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

दुसऱ्या खेपेला ताईंनी माझी नोंदणी उघडली आणि हसल्या. शिक्षण भरलेलं, पण कौशल्य आणि अनुभव दोन्ही रकाने कोरे! "कंपनीवाले फिटर शोधतात, धरणगावचा होतकरू मुलगा शोधत नाहीत," म्हणाल्या. मग त्यांनीच विचारून विचारून भरलं: बेअरिंग बदलणं, शाफ्ट अलाइनमेंट, मोटर. रोज हाताने करत होतो ते, कधी लिहायचं सुचलं नव्हतं.

तिथेच एका कारखान्याचे एचआरवाले साहेब बसले होते. मला वाटायचं, हे कार्यालय फक्त आमच्यासारख्यांचं. पण हे साहेब दर तिमाहीला इथे ईआर-1 नावाचं विवरणपत्र भरायचे. 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने रिक्त जागा कळवायच्या, असा तेव्हा 1959 चा कायदाच होता. कळवायच्या म्हणजे इथूनच माणूस घ्यायचा, अशी सक्ती मात्र नव्हती. हे ऐकल्यावर कार्यालयाकडून माझ्या अपेक्षा जरा ताळ्यावर आल्या.

नोकरी काही लगेच मिळाली नाही. मिळालं ते मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतलं काम. वयाची अट 18 ते 35, मी एकतिसाव्यात. बारावीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीला 10,000 असं विद्यावेतन, आणि ते सरकार थेट खात्यात टाकतं. म्हणून मालकालाही जड जात नाही. मुदत तेव्हा सहा महिने. कारखान्यात मला 14,000 मिळत होते, वर पीएफ. इथे पीएफ नाही, कारण कागदावर मी कामगार नाही, प्रशिक्षणार्थी. पाच वर्षं मशीन दुरुस्त केलेल्या माणसाला प्रशिक्षणार्थी म्हणवून घेणं टोचतं. तरी पाईपांच्या कारखान्यात मुलाखत दिली, कारण घरी बसून 8,000 पण नव्हते.

खरी फजिती पुढे. दोन महिने खात्यात छदाम नाही. कंपनी म्हणे, हजेरी वेळेवर अपलोड केली. ताई म्हणे, पैसे गेलेले दिसतात. मग गेले कुठे? बँकेतल्या पोराने आधार टाकून पाहिलं: कधीतरी शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्याच बँकेत उघडलेल्या खात्याला माझं आधार जोडलेलं होतं. फॉर्मवर कुठलाही खाते क्रमांक लिहा, थेट लाभाचे पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथेच पडतात. त्या बँकेत गेलो तर दोन्ही हप्ते तिथे निवांत पडलेले, किमान शिल्लक नव्हती म्हणून 412 रुपये कापून! त्या दिवशी तिथेच उभ्या-उभ्या आईला फोन लावला.

पुढे सरकारने मुदत अकरा महिने केली. मुदत संपली तेव्हा आम्हा चार जणांतले दोघे कारखान्याने ठेवून घेतले. त्यात मी आहे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. ताईंना जाऊन सांगितलं. त्यांनी महास्वयम पोर्टलवर अनुभवाच्या रकान्यात अकरा महिने आधी भरायला लावले, मग पेढा घेतला.