जुने गोवे ते नार्वे, दिवाडीमार्गे

जुन्या गोव्यात बस थांबते, माणसं बॉम जीझस बाझिलिकेपुढे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपुढे, फोटो काढतात आणि तासाभरात किनाऱ्याकडे वळतात. तुम्ही दिवसभर राखून या, आणि शुक्रवार टाळा. त्या दिवशी भारतीय पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं. तिथे पोर्तुगीज गव्हर्नरांची तैलचित्रं आणि गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या काळातल्या मूर्ती एकाच छताखाली आहेत.

बाझिलिकेचा लालसर चिरा जवळून बघा. तो पूर्वी असा उघडा नव्हता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, त्यावरचा गिलावा उतरवला गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात दगड पाणी शोषतो, भोकं वाढत जातात. १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे, आणि आपण मात्र तिचा हा रंग मूळचाच समजतो.

मग फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. तिथे कोटीतीर्थाची तळी आहे. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर याच बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं आणि लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला, नार्वेला, नेलं गेलं. या तळीपाशी फारसं कोणी थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पावसाळ्यात जपून उतरा. पाणी आणि खाणं सोबत ठेवा.

दुसऱ्या फेरीने पलीकडे नार्वेला उतरा. तिथल्या सप्तकोटीश्वराच्या देवळाच्या दारावरचा शिलालेख वाचल्याशिवाय आत जाऊ नका: शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. म्हणजे नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झाल्याची ही नोंद. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं केलं, त्याआधी २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटींची तरतूद जाहीर झाली होती. देऊळ सावरलं याचा मला आनंदच आहे. पण एका सत्तेने बाझिलिकेचा गिलावा उतरवला, दुसरीने देवळावर नवा चढवला, आणि मधल्या तळीला कोणीच वाली नाही. पैसा तिथेही पोचायला हवा, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

देवळात अंग झाकणारे कपडे लागतात. रविवारी सकाळी बाझिलिकेत मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, तेव्हा पर्यटकांनी बाहेर थांबावं. आणि शेवटची फेरी कधी सुटते, ते धक्क्यावरच उतरताना विचारून घ्या.