स्वराज द्वीपाच्या प्रवाळात स्कॉर्पियनफिश ओळखताना

भुसावळहून हावडा मेलने कोलकाता, तिथून विमानाने श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर आणि पुढे फेरीबोटीने अंदमानातील स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, असा आम्हा तिघा जळगावकरांचा स्कूबा डायव्हिंगसाठीचा फेब्रुवारीतील प्रवास होता. परतीच्या विमानापूर्वी किमान १८ तास पाण्याखाली जाऊ नये; गाडीला उशीर झाला तरी हा मोकळा दिवस कापू नये.

तिसऱ्या दिवशी १४ मीटर खोलीवर, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांत एक ओबडधोबड मासा निश्चल बसलेला दिसला आणि मी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर ‘स्टोनफिश’, म्हणजे दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा, असे लिहिले. थोड्या वेळाने तो स्वतःहून सरकला, तेव्हा त्याच्या छातीच्या परांची आतली बाजू नारिंगी, पिवळी आणि काळी अशी क्षणभर चमकली. तो फॉल्स स्टोनफिश, म्हणजे ‘स्कॉर्पेनॉप्सिस डायबोलस’ या शास्त्रीय नावाचा, विषारी काट्यांचाच एक स्कॉर्पियनफिश होता.

आमच्याकडे शेताच्या बांधावर विंचू दिसला की आधी त्याचे पुढचे चिमटे पाहतात, कारण बारीक चिमट्यांचा लाल विंचू जिवावर बेततो, तर जाड चिमट्यांच्या काळ्या इंगळीचे विष त्या मानाने सौम्य असते. पाण्याखालीही रंगापेक्षा आकारच पाहावा, कारण खोलवर लाल रंग पोहोचत नाही आणि तांबडा मासाही टॉर्चशिवाय करडा दिसतो. खऱ्या स्टोनफिशचे डोळे माथ्यावर असून वर पाहतात, तोंड जवळजवळ उभे असते आणि कातडी खवल्यांविना, चामखिळींसारख्या गाठींनी भरलेली असते. फॉल्स स्टोनफिशचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात आणि पाठीला स्पष्ट कुबड असते. टॅसल्ड स्कॉर्पियनफिशला असे कुबड नसते. तिचे मुस्कट लांबट असून हनुवटीखाली कातडीची झालर लोंबते. पापुआन स्कॉर्पियनफिश मात्र तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की एकाच फोटोवरून जातीचे नाव ठोकून न देता केवळ दोघींचे सामाईक ‘स्कॉर्पेनॉप्सिस’ हे नाव लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

म्हणून एक फोटो अगदी बाजूने आणि एक समोरून घ्यावा. परांचा रंग दिसावा म्हणून माशाला काठीने डिवचणे मला मुळीच मान्य नाही. तळावर हात किंवा गुडघा टेकू नये. काटा टोचलाच, तर सोबत्याने स्वतःच्या हाताने तपासलेल्या, सोसवेल इतक्या गरम पण ४५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक नसलेल्या पाण्यात तो भाग ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. बोटीवर गरम पाण्याचा थर्मास आहे की नाही, हे किनारा सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.